वगारीची गोष्ट पुस्तकात नाही

माझे यजमान विम्याचं काम करायचे. ते काम म्हणजे सगळं बोलण्याचं. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून, बॅग घेऊन बाहेर पडायचे ते संध्याकाळपर्यंत बोलतच असायचे. कधी दुकानाच्या गादीवर, कधी आडतीवर, कधी कुणाच्या तरी अंगणात खाटेवर बसून. मूळचे ते लातूरचे. माझ्या नोकरीमुळे लग्नानंतर नांदेडला आले, पण गिऱ्हाइकं बहुतेक तिकडचीच राहिली. औसा, निलंगा, उदगीर. आठवड्यातले दोन-तीन दिवस ते लातूरच्या गाडीत असायचे. घरी आले की मात्र त्यांच्याजवळ शब्द उरलेले नसत. माझ्याजवळही नसत. मी अर्धापूरच्या पुढे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. रोजचं अप-डाउन, आणि लेकरांमध्ये ओरडून बसलेला घसा. "वाढू का?" "गॅस संपत आलाय." "उद्या मला उशीर होईल." एवढ्यावर आमचं भागायचं. भांडण असं काही नव्हतं. दोन दमलेली माणसं एका छपराखाली राहतात तसे आम्ही राहत होतो, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

त्यांच्या कामात एक पुस्तक होतं. पैसा कसा सांभाळावा, कसा वाढवावा हे गोष्टींमधून शिकवणारं. मध्यंतरी ते फार चाललं होतं. बस स्टँडवरच्या स्टॉलवर, सत्काराच्या टेबलावर, नव्या नवरा-नवरीच्या आहेरात, जिकडे तिकडे दिसायचं. नवीन गिऱ्हाईक झालं की हे त्याला पदरच्या पैशानं एक प्रत द्यायचे. "पॉलिसीचे कागदं कुणी वाचत नाही," म्हणायचे, "गोष्ट मात्र वाचतेत." पुण्याहून गठ्ठे यायचे आणि आमच्या दिवाणाखाली जायचे. झाडताना मला ते सरकवावे लागत. उघडून बघावं असं मनात आलं नाही. शाळेतून दमून आलेल्या बाईला पैसे वाढवण्याच्या गोष्टी वाचायची हौस कुठून असणार?

लकवा आला तो सकाळी, लातूरला निघायच्या वेळी. ते दाराजवळच्या स्टुलावर बसून मोजे घालत होते आणि खांद्याशी फोन धरून कुणाशी तरी बोलत होते. मी पोळ्या लाटत होते. फोन पडल्याचा आवाज झाला. वाटलं, निसटला असेल. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना म्हणून डोकावले, तर ते तसेच बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. नंतर भेटायला येणारे पाहुणे मला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, स्वतःचा विमा होता का हो? होता. दवाखान्याचा बराचसा खर्च त्यातूनच निघाला. त्या बाबतीत त्यांनी जे लोकांना सांगितलं तेच घरी केलं होतं.

जीव वाचला, पाय हळूहळू चालायला लागला. वाचा मात्र गेली. सगळी नाही, एक शब्द राहिला. "बघा." गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचं प्रत्येक वाक्य याच शब्दानं सुरू व्हायचं, तेवढा तोंडात शिल्लक राहिला असावा. पाणी हवं असलं तरी बघा, पंखा बंद करायचा असला तरी बघा, राग आला की जोरात बघा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांना आपलं सगळं कळतं, पण मनातला शब्द ओठापर्यंत येत नाही. पुण्याहून मुलगी आली, रजा होती तेवढे दिवस राहिली, रडून परत गेली. मग घरात आम्ही दोघंच.

डॉक्टर लेनमध्ये एक स्पीच थेरपीवाली मुलगी होती, उदगीरची. माझ्या मुलीच्याच वयाची. तिच्याकडे आठवड्यातून दोनदा न्यायचे. ती कपाचं चित्र समोर धरायची आणि यांच्या कपाळावर घाम यायचा. पाठ असलेले आकडे तेवढे ओळीनं यायचे, पण पाच म्हणायला सांगितलं तर एकपासून सुरुवात करावी लागे. एक, दोन, तीन अशी गाडी सुरू झाली की पाचाला येऊन थांबायचं. माझ्या वर्गातली लेकरंसुद्धा अशीच म्हणतात. म्हणजे दिवसभर तिकडे पहिलीचा वर्ग आणि संध्याकाळी इकडे पहिलीचा वर्ग. कधी कधी रिक्षात बसल्यावर मला कळायचं नाही, आपण शाळेतून येतोय की शाळेला निघालोय.

एक दिवस त्या मुलीनं मला विचारलं, "काकू, काकांना वाचायला काय आवडायचं?" मला सांगता येईना. पेपर वाचायचे, म्हटलं. ती म्हणाली, पेपर नको. छोट्या गोष्टी वाचून दाखवा. ज्यात माणसं असतील आणि ज्या त्यांना तोंडपाठ असतील अशा. वाक्यातला शेवटचा शब्द तुम्ही म्हणू नका, तिथे थांबा. येईल तेव्हा येईल, घाई करू नका.

घरी येऊन पोथी काढली. दोन ओळी वाचल्या तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मुलीची लहानपणची गोष्टींची पुस्तकं काढली, तर डोळ्यांत असं काही आलं की मीच ती मिटून ठेवली. मग दिवाणाखालचा गठ्ठा सोडला.

त्या पुस्तकात एक रिटायर झालेले सासरे आहेत आणि नवी सून आहे. घर कोकणात. दर रविवारी सकाळी सासरे झोपाळ्यावर बसतात आणि सुनेला एक गोष्ट सांगतात. गोष्टीतून बचत, गोष्टीतून कर्ज, गोष्टीतून म्हातारपणाची तरतूद. सून "मग?" म्हणते, आणि सासरे पुढे सांगतात. लिहिलंय गोड. वाईट वागणारा प्रत्येक जण धड्याच्या शेवटी शहाणा होतो. मला मात्र वाचताना सारखं वाटे, या सुनेला रविवारी कपडे धुवायचे नसतात का? त्या अख्ख्या पुस्तकात दमलेलं असं एकही माणूस नव्हतं.

शाळेतून आले, चहा केला, त्यांना पाजला की वाचायला बसायचे. पानभर वाचलं की माझेच डोळे मिटायचे. वाक्याच्या शेवटी थांबायचं म्हणून थांबायचे आणि तिथेच झोप लागायची. मग ते डाव्या हातानं दिवाणाच्या लाकडावर टकटक करायचे. असे कितीतरी दिवस गेले. शेवटचा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही.

एका धड्याला मात्र ते अस्वस्थ व्हायचे. कोकणातला एक माणूस दर वर्षी आंब्याची कोय लावतो, त्याचा शेजारी आंबे खाऊन कोया टाकून देतो, आणि पुढे याची आमराई होते, अशी ती गोष्ट. व्याजावर व्याज कसं चढतं ते सांगणारी. ती सुरू केली की हे मान हलवायचे. नाही, नाही, असं. बघा, बघा, म्हणायचे आणि डाव्या हातानं हवेत काहीतरी वाकडं काढायचे. मी म्हणायचे, चंद्र? विळा? बांगडी? ते दमून हात खाली टाकायचे. मीही दमून पुस्तक मिटायचे.

असंच एकदा औशाची एक बाई आली. यांची जुनी गिऱ्हाईक. पिठाची आणि मिरचीची चक्की चालवते. नांदेडच्या दवाखान्यात तिची भावजय ॲडमिट होती, तिला बघून आमच्याकडे आली. खुर्ची दिली तरी खालीच बसली. तिच्या लुगड्याला मिरचीचा असा ठसका होता की मी चहा ठेवायला गेले आणि आतून शिंकतच राहिले.

"वळखलं का, साहेब?" तिनं विचारलं.

हे म्हणाले, "बघा."

"बघायलेय की," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मिरचीमुळे की कशामुळे ते कळलं नाही.

मग ती मला सांगायला लागली. साहेब आमच्या चक्कीवर आले की आधी गोष्ट सांगायचे, मग कागद काढायचे. त्या वगारीच्या गोष्टीनं तिचं मन ठरलं होतं. मी विचारलं, वगारीची कोणती? तिला नवल वाटलं. "तुमास्नी न्हाई म्हाईत? तुमच्याच घरची गोष्ट की." आणि तिनं ती सांगितली. एका बाईनं माळेगावच्या जत्रेतून म्हैस आणली. म्हैस व्याली, वगार झाली, म्हणजे मादी रेडकू. तिच्या शेजारणीच्या म्हशीलाही वगार झाली. शेजारणीनं वगार बाजारात विकली आणि सणाला लुगडं घेतलं. दर खेपेला ती तसंच करायची. वगार झाली की बाजार, बाजार झाला की लुगडं. या बाईला घरचे म्हणायचे, वैरणीला महाग झालोय, तूही विक. नवरा म्हणायचा, सासू म्हणायची.

"आन् त्या बाईनं वगार इकली न्हाई," चक्कीवाली म्हणाली. "पोटाला चिमटा घेतला, पन वगार..."

ती चहाचा घोट घ्यायला थांबली होती.

"ठेवली," हे म्हणाले.

स्वच्छ. जसं पूर्वी म्हणायचे तसंच. माझ्या हातात बशी होती, ती मी खाली ठेवली. चक्कीवालीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "हाव, ठेवली," म्हणाली आणि पुढची गोष्ट सांगून मोकळी झाली. वगारीची म्हैस झाली, त्या म्हशीला पुन्हा वगार, आणि शेजारणीच्या दारात मात्र एकच म्हैस, तीही म्हातारी. गोष्ट संपेपर्यंत हे तिच्या तोंडाकडे बघत होते. डावा हात हवेत पुन्हा तसाच वाकडा फिरला. म्हशीचं शिंग होतं ते.

ती गेल्यावर मी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. वगार कुठेच नव्हती. म्हैसही नव्हती. कोकणातली आमराई औशाच्या चक्कीवर कुणाला पटायची, म्हणून यांनी आमराईची म्हैस केली होती. पुस्तक वाटत होते ते, पण सांगत होते स्वतःचंच. आणि ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाकुणाला सांगितली असेल, फक्त मी ऐकली नव्हती.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, मग बाबांच्या लोकांनाच विचार ना. त्यांच्या फोनमध्ये सगळी गिऱ्हाइकं होतीच. शाळेतून आल्यावर रोज एकाला फोन लावायचा, नमस्कार करायचा, काय झालंय ते सांगायचं आणि म्हणायचं, यांनी तुम्हाला एखादी गोष्ट सांगितली असेल तर ती मला सांगा. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. काही जण लकव्याचं ऐकून रडायचे, त्यांची समजूत मीच घालायची. काही जण हप्ता कुठे भरायचा ते विचारायचे. ऑफिसनं तोवर यांची गिऱ्हाइकं दुसऱ्या एका एजंटाकडे दिली होती. तो पेढे घेऊन घरी येऊन गेला, यांच्या पाया पडला. यांनी त्याच्या पाठीवरून डावा हात फिरवला आणि तो गेल्यावर दिवसभर जेवले नाहीत.

पण गोष्टी यायला लागल्या. कुणी फोनवर सांगायचं, कुणी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं. निलंग्याच्या एका शिंप्याच्या गोष्टीत मागे मशीन चालू असायची. एकाच्या सांगण्यात म्हशीची मालकीण विधवा होती, दुसऱ्याच्या सांगण्यात दोन भाऊ होते, आणि उदगीरच्या एका किराणा दुकानदारानं तर म्हैस साप चावून मारूनच टाकली. "मग त्यानं काय केलं, तर इमा होता म्हशीचा," असं म्हणून तो हसला. ते ऐकून हे एकदम म्हणाले, "नाही." 'ठेवली'नंतरचा नवा शब्द हा आला. पुढे मग त्यांचं आणि त्या आवाजांचं भांडणच लागलं. विधवा म्हटलं की नाही. दोन भाऊ म्हटलं की नाही. मी विचारायचे, मग कोण होती ती बाई? बराच वेळ तोंड हलायचं. एका संध्याकाळी उत्तर आलं. "आई."

त्यांच्या आईनं लातूरला म्हशी पाळल्या होत्या, हे मला माहीत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा गोठा गेलेला होता, नुसती गव्हाण राहिली होती. सासूबाई त्याबद्दल फारसं कधी बोलल्या नाहीत. मी विचारलंही नव्हतं.

लातूरच्या गंजगोलाईत एका कापड दुकानात काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांना फोन लावला तेव्हा हे शेजारीच बसलेले, स्पीकर चालू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले की गोष्ट आठवते, चांगली आठवते. "पण मॅडम, वगार मी ठेवली, दूध काही मला मिळालं नाही." बायकोच्या आजारपणात त्यांना पॉलिसी मधेच मोडावी लागली होती. भरले त्यापेक्षा कमीच हातात आले. मधे मोडली तर काय होतं, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं, म्हणाले. कागदात लिहिलेलं असेल, मी काही वाचलं नाही. आवाजात राग नव्हता. रागाचा काळ त्यांच्यासाठी होऊन गेला असावा.

मी घाईघाईनं स्पीकर बंद करायला गेले तर यांनी डावा हात फोनवर ठेवला. मी थांबले. पलीकडून दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी साडीचा रंग विचारत होतं.

"खरं," हे म्हणाले. मग खूप वेळानं, "हाय."

"साहेब बोलायलेत का?" त्या गृहस्थांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग बोलू द्या त्यांना. मी आहे लाइनीवर."

पण पुढे यांना काही आलं नाही. शेवटी मीच नमस्कार करून फोन ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत दिराच्या नातवाच्या बारशाला लातूरला जायचं ठरलं. मला खरं तर सुट्टीत झोपायचं होतं. लोहा, अहमदपूर, चाकूर, रस्ता तोच. यांनी खिडकीची जागा घेतली आणि प्रत्येक गावाला मान हलवली. बारसं झालं, जेवणं झाली. दुपारी हे चपला घालून दारात उभे राहिले. कुठे जायचं, विचारलं तर म्हणाले, "गोलाई." सोबत मी गेले.

कापडाच्या दुकानात दुपारची वेळ म्हणून गर्दी नव्हती. ते गृहस्थ कापडाचा तागा गुंडाळत होते. यांना बघून उठले, हात धरून गादीवर बसवलं, पाणी मागवलं. वयानं ते यांच्यापेक्षा मोठे निघाले. हे पाणी प्यायले. मग बोलायला लागले. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. मला मधे शब्द द्यावासा वाटला, पण थेरपीवालीनं मना केलं होतं.

"मी... सांगितलं... नव्हतं."

गृहस्थांनी तागा बाजूला ठेवला. "नव्हतं सांगितलं," ते म्हणाले.

"हाव," हे म्हणाले.

एवढंच झालं. माफीचं कुणी काही बोललं नाही आणि माफ केलं असंही कुणी म्हणालं नाही. गृहस्थांनी चहा सांगितला. मग आपल्या बायकोचं कसं झालं, शेवटी शेवटी तीही बोलत नव्हती, ते सांगत राहिले. हे ऐकत राहिले. पूर्वी असते तर मधेच म्हणाले असते, बघा साहेब. आता त्यांना नुसतं ऐकता येत होतं. मी गादीच्या कडेला बसून रस्त्याकडे बघत होते. अंगात इतका शीण होता की उठावंसं वाटेना. निघताना त्या गृहस्थांनी मला एक ब्लाउज पीस दिला. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, लेकीला रिकाम्या हातानं पाठवत नसतेत.

लकवा येऊन आता दोन वर्षं होत आली. सगळी वाचा परत आली असं नाही, येणारही नाही म्हणतात. लहान वाक्यं येतात. आकड्यांना अजून एकपासूनच सुरुवात करावी लागते. काम सुटलं ते सुटलंच. माझी नोकरी चालू आहे, अप-डाउन चालू आहे, आणि घरी आले की आता बोलावं लागतं, हे एक नवीन काम मागे लागलंय. कधी कधी मला जुनी शांतता हवीशी वाटते. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "मला पण."

गुरुवारी थेरपीवाली मुलगी तिच्या काही रुग्णांना एकत्र बसवते. त्यात एक रिटायर झालेले एसटीचे कंडक्टर आहेत. त्यांची वाचा यांच्यापेक्षाही कमी. हे दोघं खिडकीजवळ बसतात आणि हे त्यांना गोष्ट सांगतात. आईची म्हैस. वगार. बाजार. नाही. ठेवली. मधे मोठमोठी खिंडारं. कंडक्टर मान डोलावतात. कळतं की नाही कुणास ठाऊक. एकदा मात्र त्यांनी बोट वर करून यांना थांबवलं, बराच प्रयत्न केला आणि विचारलं, "दूध?" हे विचारात पडले. मग म्हणाले, "लई."

बाहेरच्या बाकावर मी आणि कंडक्टरची बायको बसतो. ती बाभळगावहून पाहुण्यांकडे येऊन राहिली आहे, इथल्या उपचारासाठी. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींची सगळी चौकशी केली, दुसऱ्या दिवशी औषधांबद्दल बोललो. आता काही बोलत नाही. ती पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला डोकं टेकते. मीही टेकते. आतून दोघांचे आवाज येत राहतात, आणि त्या तासाभरात आम्हा दोघींना चांगली झोप लागते.